दुसऱ्याच्या नाकानं काढलेला हंगाम

परवा संध्याकाळी जाम नदीच्या पुलावर आलो आणि स्कूटरचा वेग आपोआप कमी झाला. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाल्याची खबर आमच्या पांढुर्ण्यात पेपरातून येत नाही, ती पुलावर येते. पलीकडच्या काठावर संत्र्याच्या रसाची फॅक्टरी आहे. दसरा मागे पडला की एखाद्या दिवशी वारा नदी ओलांडताना सोबत संत्र्याची साल घेऊन येतो. आधी तेलकट, तीक्ष्ण, नाकाच्या शेंड्याला चिमटा काढणारा वास, आणि त्याच्यामागून आटणाऱ्या रसाचा, गोड आणि जड. मी डोळे मिटले. स्कूटर चालू होती, हे मागाहून लक्षात आलं.

मागे बसलेल्या शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाठीत बोट खुपसलं.

"मारता काय मले?"

"आला," मी म्हणालो.

"मले तर पुलाच्या अलीकडंच आला होता," ती म्हणाली. "चला आता."

वासाच्या बाबतीत शोभा माझ्यापुढे पुलाएवढी तरी असतेच. पण मी अजून थोडा वेळ थांबलो. मागून एका आयशरवाल्यानं हॉर्न दिला, त्याच्या ट्रकच्या हौद्यात संत्री छातीएवढी रचलेली. मला कुणाची घाई नव्हती. हा वास पुन्हा कधी येणार नाही अशा भीतीनं मी एक अख्खा हंगाम काढलेला आहे. ज्याचं नाक असं एकदा जाऊन आलंय, तो पुलावर थांबणारच.

ही फॅक्टरी आली तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी बाहेरचे लोक आम्हाला ओळखायचे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारणारं गाव म्हणून. संत्रा होता, कापूस होता, रेल्वेचा थांबा होता. पण संत्रा ट्रकात बसून निघून जायचा आणि त्याच्याबरोबर गावाचं नाव काही जायचं नाही. माझे वडील तिगावच्या बाजूला बगीचा करायचे. चांगला माल व्यापारी उचलायचा. झाडाखाली गळलेला, बारीक, डागी, तडकलेला माल नाल्यात जायचा. ढोरंसुद्धा दोन दिवसांनी त्याच्याकडे पाठ फिरवायची.

फॅक्टरी येणार म्हटल्यावर बाबा म्हणाले होते, "संत्रा सोलून खायचा असते. शिजवून कोन खाते बे?"

पहिल्याच हंगामात त्यांनी तोच नाल्यातला माल मेटॅडोरमध्ये भरून फॅक्टरीच्या दारात नेला. गेटवरच्या माणसानं तो पाहिला, नाक मुरडलं नाही, आणि आत घेतला. बाबा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा चप्पल घालून देवळात गेलो तरी कुणीच रागावलं नाही, अशा माणसासारखा झाला होता. पुढं आठ दिवस ते आल्यागेल्याला सांगत होते, "डागी माल, बरं! डागी माल घेतला त्यांनी!"

तेव्हा नदीवर पूल नव्हता, रपटा होता. पूर आला की रपटा पाण्याखाली जायचा आणि दोन्ही काठचे लोक एकमेकांना हात करत उभे राहायचे. माणसं अडली तेव्हा कुणाला फारसं वाटलं नाही. संत्र्याचे ट्रक अडले तेव्हा पूल आला. पुलाच्या या टोकाला चहाची टपरी, तिच्या शेजारी पंक्चरवाला, मग बाहेरून आलेल्या फिटर लोकांसाठी खानावळ, मग निळ्या टोप्या आणि कोट शिवणारा टेलर, मग त्या टेलरच्या पोरीसाठी कॉन्व्हेंट. शेजारच्या सौंसरकडून येणारी पहिली बस बायकांनी भरून येऊ लागली. धावत्या पट्ट्यावर बरी-वाईट संत्री वेगळी करायला, म्हणजे छाटणीला, येणाऱ्या बायका, प्रत्येकीच्या मांडीवर डबा. त्या बसमध्ये कंडक्टर उभा असतो, बायका बसलेल्या असतात. आमच्या भागात बदल झाला म्हणतात तो मला त्या बसमध्ये दिसतो.

आणि वास. सकाळी दार उघडलं की आम्ही आधी हवा हुंगतो. संत्रा असेल तर दिवस बरा. सॉसचे टमाटे असतील तर गच्चीवरचे कपडे आत, कारण लसूण-मसाल्याची वाफ एकदा सदऱ्यात शिरली की माणूस दिवसभर समोशासारखा वास मारतो. मुलगी पाहायला येणाऱ्यांना टमाट्याच्या दिवशी बोलवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडतही कुणी नाही. आमच्या खालच्या घरातल्या काकूंनी एकदा मोडला. पाहुणे पोह्यांची तारीफ करून गेले आणि मध्यस्थाला म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण घरात लसूण फार वापरतात वाटतं."

अशा गावात मी टेस्टर होतो. म्हणजे फॅक्टरीत शिजणाऱ्या प्रत्येक घाण्याचा नमुना दर तासाला स्टीलच्या पेल्यातून माझ्या टेबलावर यायचा. मी तो हुंगायचा, चमचाभर चाखायचा आणि रजिस्टरात लिहायचं: रंग, चव, वास. तिन्ही ठीक असतील तर शेवटच्या रकान्यात 'पास' आणि खाली माझी सही. साखर किती, आंबटपणा किती, हे यंत्रं सांगतात. पण रस शिळकट लागतोय का, साल जास्त पिळली गेली का, कढईला तळ लागला का, ते यंत्राला कळत नाही. त्याला माणूस लागतो, आणि तो माणूस मी होतो.

हे मी फार मनावर घेतलं होतं, हे कबूल करतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं डाळीचं भांडं आणलं की मी लांबूनच सांगायचो, "मीठ राहिलं." लोक चाखायचे आणि मान डोलवायचे. बायको पदराआड कपाळावर हात मारायची. फॅक्टरीत मला 'नाकवाले भाऊ' म्हणायचे आणि मी त्या नावावर एखाद्या पदवीसारखा खूश होतो. देव अशा माणसांवर लक्ष ठेवून असतो.

साथीच्या त्या वर्षी ऐन दसऱ्याच्या तोंडावर मला ताप आला. पंधरा दिवस घरात कोंडून काढले, बरा झालो, रिपोर्टही चांगला आला. कामावर जायच्या आदल्या सकाळी शोभा गच्चीवर गेली आणि जाताना म्हणाली, "दूध ठेवलं हाये, पाहाल." मी गॅसच्या शेजारी स्टुलावर बसून पेपर वाचत होतो. बातमी मोठी होती की मी मोठा गाढव होतो ते सांगता येत नाही. शोभा धावत जिन्यावरून खाली आली तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता, पातेलं काळं झालं होतं आणि मी पान उलटत होतो.

"अवो! रस्त्यापर्यंत वास गेला! तुमचं नाक मेलं काय?"

तिनं ते रागानं विचारलं. पण प्रश्न तोंडाबाहेर पडताच तिनं पातेलं तसंच सोडलं. मग तिनं डब्यातून हिंग काढला, माझ्या नाकाखाली धरला. काही नाही. लसूण ठेचून धरला. काही नाही. शेवटी तिनं फडताळाच्या मागून कापूर काढला, आणि मला आठवतं, त्या पांढऱ्या वडीकडे मी डोळे फाडून बघत होतो, जणू बघण्यानं वास येईल.

"साहेबाले सांगून टाका," ती म्हणाली. "बिमारीतून झालं. त्यात लाज कायची?"

तिचं बरोबर होतं, आणि मी ते ऐकलं नाही. साथीच्या आधी आम्ही तिघं मिळून चाखायचो. त्या वर्षी एका टेबलावर तिघांनी बसायचं नाही असा नियम झाला आणि टेबलावर मी एकटा उरलो. मी सांगितलं असतं तर मला गोदामात बसवलं असतं, खोके मोजायला. नाकवाले भाऊ खोके मोजून राहिले! आठ दिवसांत परत येईल, असं मी शोभाला म्हणालो. आठ दिवस काढू.

आठाचे तीस झाले. ते कसे काढले ते सांगतो, आणि हसायचं असेल तर हसा.

पहिली युक्ती होती चंद्रकलाबाई. सौंसरच्या वाटेवरच्या एका खेड्यातून त्या पहिल्या बसनं येतात. छाटणीच्या पट्ट्यावरच्या बायकांच्या त्या प्रमुख, आणि कढईपासून माझ्या टेबलापर्यंत नमुन्याचा पेला आणायचं काम त्यांच्याकडे होतं. आणताना त्या सवयीनं पेला हुंगायच्या. मास्क हनुवटीवर आणि नाक पेल्यात. माझ्या लक्षात आलं की माल चांगला असला की त्यांचा चेहरा सरळ राहतो, आणि काही बिनसलं असेल तर त्या खोकतात. महिन्याभरात त्या दोनदा खोकल्या. दोन्ही वेळा मी गंभीरपणे पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणालो, "हे थांबवा. वास बरोबर नाही." दोन्ही वेळा तपासणीत खरंच गडबड निघाली. साहेबांनी पाठ थोपटली. मी मनात म्हणालो, काय डोकं आहे तुझं! बिचाऱ्या बाईला कळलंसुद्धा नाही.

दुसरी युक्ती होती शोभा. आमचं घर नदीच्या या काठाला, फॅक्टरीच्या समोर. तिचं नाक गच्चीवरून फॅक्टरीचं पोट ओळखतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. डोक्यावर जाळीची टोपी आणि तोंडावर मास्क, त्यामुळे कानात इअरफोनची बारीक वायर घातली तर कुणाला दिसायची नाही. दर तासाला तिचा फोन यायचा.

"काय शिजून राहिलं?"

"संत्राच हाये. चांगला हाये. अन् या येताना कोथिंबीर."

मी रजिस्टरात लिहायचो: वास उत्तम. पास.

दिवाळी आली. घरात चकल्या तळल्या गेल्या आणि मी झाऱ्यातून उडणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत बसलो. करंजी खाल्ली, गोड होती एवढंच कळलं. वास गेला की जिभेजवळ फार थोडं उरतं हो. गोड, खारट, आंबट, कडू. चार भिंतींचं घर, खिडकी एकही नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शोभा मला जामसांवलीला घेऊन गेली. तिथला हनुमान आडवा निजलेला. शेंदूर, तेल, उदबत्त्या, शेकडो माणसांचा घाम. सगळं डोळ्यांना दिसत होतं आणि नाकाला कोरा कागद. शोभा बराच वेळ हात जोडून होती. मी देवाकडं पाहून मनात म्हणालो, तुम्ही निवांत झोपा, फक्त कूस बदलताना जरा माझ्याकडे बघा.

गंमत इथपर्यंतच होती. आमच्या बाटलीवर कंपनीचं नाव मोठं असतं, पण तळाला बारीक अक्षरात आमच्या गावाचं नाव छापलेलं असतं. माझी पुतणी दिल्लीहून एकदा त्या लेबलचा फोटो पाठवून म्हणाली होती, "काका, इथल्या दुकानात आपलं गाव विकून राहिले!" ते बारीक अक्षर आता मला सारखं दिसायचं. जेवताना, आंघोळ करताना. तीस दिवसांत किती पास लिहिले होते मी? त्यातला एक घाणा जरी शिळकट, आंबूस गेला असेल, कुठल्या तरी घरी बाटली उघडून कुणी नाक मुरडलं असेल, तर ते नाक मुरडणं माझ्याकडे नाही, त्या बारीक अक्षरांकडे जाणार होतं. ज्या बाबांचा डागी माल या फॅक्टरीनं नाक न मुरडता घेतला, त्यांचा मुलगा न हुंगता सह्या ठोकत होता. ताटातली भाकरी अर्धी टाकून मी उठू लागलो. आणि तोंड उघडायची हिंमत रोज एका दिवसानं कमी होत होती, कारण रोज कबूल करायचा गुन्हा एका दिवसानं वाढत होता.

अशात वरून दोन मोठे साहेब येणार असल्याचं कळलं. नवी शेड बांधायची होती, आणि ती इथं बांधायची की दुसरीकडं, ते बघायला ते येणार होते. गावात दुसरा विषय नव्हता. टपरीवाला म्हणायचा, शेड आली तर दुसरी भट्टी लावतो. टेलरनं टोप्यांचं कापड आणून ठेवलं होतं. आणि मला आमच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "आप उनके सामने टेस्टिंग करके दिखाइए. आप तो हमारी शान हैं."

शान घरी येऊन डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपली.

तो दिवस उजाडला. पाहुण्यांना यायला उशीर झाला, आले तेव्हा पाच वाजून गेले होते, नदीवर उन्हं कलली होती. पट्ट्यावरच्या बायकांना ओवाळायला गेटपाशी उभं केलं होतं, चंद्रकलाबाई ताट घेऊन सगळ्यात पुढं. म्हणजे माझी पहिली युक्ती गेटवर अडकली. पेला माझ्या टेबलावर दुसऱ्याच कुणी तरी आणून ठेवला. दोन मोठे साहेब, आमचे साहेब, चार इंजिनियर माझ्याभोवती उभे. कानात शोभा.

मी पेला उचलला. डोळे मिटले. मास्कच्या आत ओठ हलवले. "बोल."

"साल," कानात शोभा म्हणाली. "आज जरा जास्तच साल हाये."

"अजून?"

"थांबा न... अगं बाई. करपून राहिली जी! लय जळकट. डोळ्यात चाललं!"

मी डोळे उघडले. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती नाही, आनंद झाला. तीस दिवस फसवल्यानंतर आज तरी मी गावाच्या कामी येत होतो! पेला टेबलावर आपटून मी ओरडलो, "लाइन बंद करा! तळ लागला! माल करपून राहिला!"

पळापळ झाली. कुणी वाफ बंद केली, कुणी पट्टा थांबवला, कढईचं झाकण उघडलं गेलं. एक एक यंत्र गप्प होत गेलं आणि शेवटी त्या अवाढव्य शेडमध्ये फक्त नळातून थेंब पडल्याचा आवाज उरला. इंजिनियर कढईत वाकून बघत होता. त्यानं वर पाहिलं. "कुछ नहीं जला, सर."

मी घाबरून खिशातला फोन चाचपला. हाताला वायर लागली, ती हिसका बसून फोनमधून निसटली, बोट स्पीकरवर पडलं, आणि माझ्या बायकोचा आवाज त्या शांत शेडमध्ये मोकळा झाला:

"अवो, हॅलो! थांबा! तो आपला नाही जी! खालच्या काकूनं मच्छरांसाठी घमेलं पेटवलं! सुक्या साली टाकल्या तिनं, त्याचाच धूर हाये! ऐकून राहिले काय? पास लिहा, पास!"

आमच्या भागात संत्र्याच्या साली कुणी फेकत नाही. गच्चीवर वाळवतो आणि तिन्हीसांजेला कडुलिंबाच्या पाल्यासोबत घमेल्यात पेटवतो, मच्छर पळतात. मीसुद्धा जन्मभर पेटवल्या आहेत. पण जी फॅक्टरी थांबली की गाव दचकतं, ती काकूंच्या घमेल्यानं थांबवणारा माणूस मी एकटाच.

 मग मागून बांगड्या वाजल्या. लाइन थांबल्याचं ऐकून चंद्रकलाबाई ओवाळणीचं ताट तसंच हातात घेऊन आत आल्या होत्या. त्यांनी ताट एका इंजिनियरच्या हातात दिलं, माझ्या टेबलावरचा पेला उचलला, हुंगला.

"काही करपलं नाही," त्या म्हणाल्या. "माल सौंसरकडचा हाये, कालचा उतरलेला. दोन-चार क्रेट खाली दबले असतीन, त्याचा वास हाये थोडासाक. पन रस चांगला हाये." मग माझ्याकडं बघून, अजिबात आवाज न चढवता: "भाऊचं नाक करपलं हाये. महिना झाला."

मोठ्या साहेबांपैकी एकानं मालाची चिठ्ठी मागवली. सौंसरकडचा, कालचा. त्यानं चिठ्ठी पाहिली, बाईंकडं पाहिलं, मग कानातून वायर लोंबत असलेल्या माझ्याकडं पाहिलं, आणि त्याला जे हसू फुटलं ते त्याला आवरेना. "तो असली नाक किसकी है भाई?"

तीन जणांनी एकदम चंद्रकलाबाईंकडं बोट दाखवलं. त्यातलं एक बोट माझं होतं.

पाहुणे गेल्यावर मी मागच्या दारी क्रेटवर बसलो होतो. चंद्रकलाबाई चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "महिन्यापासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. मी पेला आनला अन् तुमी तो हुंगला, तवा त्यात रस नव्हताच जी. धुतलेला रिकामा पेला होता, चुकून आनला. तुमी डोळे मिटून, चाखायच्या आदीच म्हनले, 'वा, उत्तम!'"

"मग बोलल्या का नाही?"

"वाटलं, दोन दिवसात येईन परत. मंग..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मंग मज्जा येऊन राहिली होती. आमी बाया डब्याच्या टायमाले तुमची नक्कल करायचो."

मला राग यायला हवा होता. पण माझा प्रश्न वेगळाच होता. "बाई, माल? माझ्या सहीनं काही वाईट माल गेला असेल?"

त्यांनी मी लहान पोर असल्यासारखं माझ्याकडं पाहिलं.

"तुमच्या भरवशावर सोडला असता काय? एकूण एक पेला मी हुंगला. दोनदा खोकलली, आठवते? तुमाले ऐकू जावं म्हनून घसा दुखेपर्यंत खोकलली. बारीक अक्षरात का असेना, गावाचं नाव हाये त्याच्यावर."

मी इतके दिवस त्यांचा चेहरा चोरून वाचत होतो असं मला वाटत होतं. त्या मला वाचून दाखवत होत्या. चहाचा कप हातात घेऊन मी हसायला लागलो आणि हसता हसता नाक गळायला लागलं. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "पाहा, गळायच्या कामाचं तर हाये अजून." त्या रात्री महिन्यात पहिल्यांदा मी दोन भाकरी खाल्ल्या. चव कळली नाही. पोट भरलं.

साहेबांनी मला काढलं नाही. त्यांनी अदलाबदल केली. चंद्रकलाबाई टेबलावर आणि मी पट्ट्यावर, त्यांच्या जागी, चाळीस बायकांमध्ये. निळी टोपी डोक्यावर आली. पट्टा समोरून धावतो, संत्री गडगडत येतात, फुटलेलं डावीकडं, कच्चं उजवीकडं, आणि पहिल्या दिवशी मी दोन्हीकडं चांगलंच टाकत होतो. "नाकवाले भाऊ, डोळे तरी हायेत न?" पहिल्यांदा कुणी तरी हे म्हणालं तेव्हा कानशिलं तापली. आठवड्यानं मीच ते नव्या बाईला म्हणत होतो. माझ्या डब्यातल्या लोणच्याला मागणी होती. ज्या गोदामाच्या भीतीनं मी महिनाभर मेलो होतो त्याहून हे खालचं काम होतं, आणि मी शिट्टी वाजवत जात होतो.

नवी शेड इथंच आली. माझ्या त्या ओरडण्यामुळंच चंद्रकलाबाईंचं नाक साहेबांना दिसलं, म्हणजे शेड माझ्यामुळंच आली, असं मी टपरीवर सांगतो. शोभा म्हणते, खालच्या काकूमुळं आली.

नाक मात्र आलं नाही. मार्गशीर्ष गेला. मी वाट पाहणं सोडून दिलं होतं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारची पाळी सुटली होती, शोभा बाजाराला आली होती, तिला मागं बसवून मी पुलावरून परतत होतो. तेव्हा फॅक्टरीच्या मागं, नदीच्या अंगाला, पिळलेल्या सालींचा ढीग साचायचा. खताला न्यायच्या आधी तो कुजायचा, आणि पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस नाक दाबून जायचा. तो ढीग हलवा म्हणून गावानं जो अर्ज दिला होता त्यावर माझी सही दुसऱ्या नंबरला होती.

पुलाच्या मध्यावर मला काही तरी झालं. आधी वाटलं डोळ्यात कचरा गेला. मग नाकाच्या अगदी आत, कपाळाच्या खाली, कुणी तरी बंद खोलीचं दार ढकलल्यासारखं. आंबूस, कडवट, ओलं. कुजकं.

मी स्कूटर थांबवली.

"काऊन?" शोभा म्हणाली.

"शोभा, घाण येऊन राहिली."

 मी वळून पाहिलं. पूल लागला की सगळ्या बायका करतात तसा तिनं पदर नाकावर घट्ट धरला होता. त्या पदराच्या वर तिचे डोळे भरून आले होते. तिनं हळूच पदर खाली घेतला. अख्ख्या गावाला नकोसा झालेला तो वास तिनं माझ्याबरोबर छातीभर ओढून घेतला, आणि म्हणाली, "घ्या. पोटभर घ्या."

आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. मागचे लोक हॉर्न देत, नाक दाबून, वेड्यांकडं बघावं तसं बघत जात होते. इतक्यात पाळी सुटलेल्या बायकांचा ऑटो आला. पुढच्या बाजूला चंद्रकलाबाई. ऑटो थांबवून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"काय पाहून राहिले जी, वहिनी?"

 शोभानं माझ्या नाकाकडं बोट दाखवलं.

चंद्रकलाबाईंनी मला खालून वर पाहिलं. टेस्टर झाल्यापासून त्या कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नव्हत्या.

"सांगा मंग. कायचा वास हाये?"

"सालीच्या ढिगाचा."

"ते आंधळ्यालेबी समजते. किती दिवसाचा ढीग?"

मी डोळे मिटले. खरोखर हुंगलं. कानात वायर नव्हती. "चार दिवसांचा."

त्यांनी ऑटोतूनच हवेत नाक उचललं.

"सहा," त्या म्हणाल्या. मग ऑटोवाल्याच्या खांद्यावर थाप मारली, आणि ऑटो हलता हलता मागं ओरडून म्हणाल्या, "पन जाऊ द्या. पास केलं तुमाले!"